उखाच्या नावाचा घास

"रुपा, तू जाय. मन्हा नावना एक घास खाय, मंग माय जेवी."

सातवीतल्या उखाने वर्गातल्या रुपाला हे शाळेच्या फाटकाशी सांगितलं होतं. एका पायावर उभं राहून, कारण दुसऱ्या पायात रुतलेला बाभळीचा काटा त्यांच्याच वर्गातला हेमराज बाभळीच्याच काट्याने काढत होता. शहाद्याला खो-खोचे सामने होते. मुलांना न्यायला आलेला टेम्पो धूर सोडत उभा होता, आणि रोजच्यासारखं मधल्या सुट्टीत घरी पळत जाऊन जेवून यायला उखाला आज वेळ नव्हता.

"तू एक येळ जेवना नही ते काय व्हई?" रुपाने विचारलं.

"मले काय व्हस? माय उपाशी ऱ्हाई ना!" असं म्हणून तो लंगडतच टेम्पोत चढला.

रुपा गेली. उखाची आई कौसाबाई ओट्यावर ताट वाढून, पदराने माश्या वारत बसल्या होत्या. उखाऐवजी दोन वेण्यांची ही पोर दारात बघून त्यांचा चेहरा उतरला. रुपाने निरोप सांगितला. त्यांनी माश्या वारायचा पदर खाली सोडला. मग पाटाकडे बोट करून म्हणाल्या, "त्यानीच धाडं ना तुले? मंग बस."

रुपा बसली, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावून खाल्ला. कौसाबाई तिच्या हाताकडे बघत होत्या, तोंडाकडे नाही. घास गिळल्यावर त्यांनी हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि आपलं पालथं घातलेलं ताट सुलटं केलं.

ह्या नेमामागे कारण होतं. उखाच्या आधीची कौसाबाईंची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरा झाला तेव्हा सुईणीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवला, वरून चिमूटभर राख टाकली, आणि शेजारणीने "मले पोरगं सापडनं व माय" असं ओरडत उचलून घरात आणला. मरणाला वाटावं, हे टाकून दिलेलं पोर, ह्याला कशाला न्यायचं. म्हणून नाव उखा, उकिरड्यावरचा. खानदेशात असे उखा, दगा, भिकुबाई घरोघर आहेत; त्यांच्या नावात आईची भीती गुंडाळून ठेवलेली असते. कौसाबाईंनी त्यावर स्वतःचा एक नेम जोडला. लेकरू जेवताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपण अन्नाला शिवायचं नाही. मूल तान्हं असताना धरलेला नेम मूल सातवीत गेलं तरी चालूच होता. वर्गातली मुलं उखाला चिडवत. तो हसायचा आणि सुट्टीची घंटा झाली की तीरासारखा घराकडे सुटायचा.

ह्याला कितीतरी वर्षं झाली. रुपाचे आता केस पिकले, गुडघे बोलू लागले. नंदुरबारला तिचा संसार आहे, मुलगी काजल लग्नाला आली आहे. तरी अखाजीला ती माहेरी येते म्हणजे येतेच. तापीच्या अलीकडे, प्रकाशा ह्या तीर्थगावाच्या वाटेवर तिचं गाव. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीहून मोठा सण. सासरच्या लेकी परत येतात, कडुनिंबाला झोके टांगले जातात, पुरुष पारावर पत्ते कुटत बसतात, आणि घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर भरली जाते.

ह्या वर्षीही ती आली, आणि नेहमीप्रमाणे हातात कापडाचं छोटं गाठोडं घेऊन आली. त्यात स्वतःच्या घरचं पीठ.

"उनी का वन्सं चक्की लई?" भावजयीने दारातच हसून म्हटलं. "आमनं पीठ काय सिमेंट शे?"

रुपा नुसती हसली. ती वाद घालणाऱ्यांतली नव्हे. बऱ्याच वर्षांपूर्वी तिचे यजमान नवनीत फार आजारी पडले. सुरतेच्या डॉक्टरांनीही मान हलवली, तेव्हा ती प्रकाशाला केदारेश्वराच्या पायरीवर ओल्या लुगड्याने बसली आणि म्हणाली, ह्यांना उठव, मी जन्मभर परान्न घेणार नाही. ते उठले. तेव्हापासून दुसऱ्याच्या घरचा चहासुद्धा तिच्या ओठाला लागलेला नाही. लग्नात, बारशात ती राबायची आणि पाण्याच्या घोटावर परत यायची. माहेरीसुद्धा आपल्या पिठाची भाकरी आपण थापायची. पहाटे आंघोळ, तुळस, पोथीचा अध्याय, महादेवाला पाणी, मग सगळ्यांचं आवरल्यावर एकदाच अन्न. ह्याचा तिला गर्व नव्हता. भीती मात्र होती. नेम मोडला तर ज्याच्यासाठी धरला त्याला काही होईल, ही ती भीती. कौसाबाईंना ही भीती कुणी समजावून सांगायची गरज नव्हती; म्हणूनच रुपाला त्या म्हातारीजवळ बसायला बरं वाटायचं.

पूजा आटोपून, पोटात फक्त पाणी घेऊन ती कौसाबाईंच्या अंगणात पोचली तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. उखाची घागर भरली जाते ते हे अंगण.

उखा कारगिलच्या लढाईत गेला. लग्न व्हायचं होतं, मिशी नुकती दाट झाली होती. पेटी आली तेव्हा तापीच्या दोन्ही काठांवरून माणसं आली होती, बायकांनी रस्ताभर सडे घातले होते, आणि शाळेतल्या गुरुजींना दोघांनी धरून चालवावं लागलं होतं. पण तो कसा गेला, हे गावाला काही महिन्यांनी कळलं. त्याच्या तुकडीतला एक जवान, साताऱ्याकडचा, सुट्टीवर आपल्या घरी जायच्या आधी इकडे वाट वाकडी करून आला. ह्याच अंगणात, ह्याच कडुनिंबाखाली बसून त्याने सांगितलं.

डोंगराच्या वरच्या कड्यावर त्यांची काही पोरं अडकून पडली होती. खालून गोळीबारामुळे अन्न पोचत नव्हतं. ओझं वर न्यायचं ते अंधारातच, दगडाला चिकटून. उखा एकदा जाऊन आला होता. पुन्हा जायची पाळी दुसऱ्याची होती. पण त्या दुसऱ्याला ताप होता, आणि उखा पोतं पाठीला बांधून म्हणाला, वर पोरं उपाशी आहेत, त्यांच्या घरी त्यांच्या आया जेवल्या नसतील.

"असं म्हणाला, माई," तो जवान सांगत होता, "खालच्या जोडीदारांनी मला मागून सांगितलं, त्यांना कळलंच नाही काय म्हणतोय ते. ते म्हणाले, आया हजार कोसांवर, त्यांना काय कळतंय? तो म्हणाला, कळतं."

कड्याच्या अगदी खाली त्याला गोळी लागली. वरच्यांनी दोर टाकून पोतं ओढलं. त्याच्या हाताची पकड सोडवायला वेळ लागला.

"ते आम्ही खाल्लं, माई," जवान मान खाली घालून म्हणाला. "मी वरच होतो. खावंच लागलं."

कौसाबाई त्याच्याजवळ सरकल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं करं रे बाप्पा. नही खातास ते मी रागवती."

रुपा त्या वेळी गर्दीत उभी होती. तिने आजवर किती पोथ्या वाचल्या, किती कीर्तनं ऐकली. पण अंगावर असा काटा पुन्हा कधी आला नाही. जिला आपण भोळी, खुळी आई समजत होतो, तिचा तो खुळा नेम त्या बर्फाच्या डोंगरापर्यंत पोचला होता, आणि तिथल्या भुकेल्या मुलांच्या तोंडी घास झाला होता. देव देव आपण म्हणतो तो ह्याहून वेगळा काय असेल, असं तिला वाटलं, आणि मग तिने ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

पुढच्या अखाजीला कौसाबाईंनी पहिली घागर भरली. घागर भरली की पितर बसवायचा. गेलेल्या माणसाच्या जागी कुणी जिवंत माणूस पाटावर बसवून, त्याचे पाय धुऊन, त्याच्यापुढे वाकून, त्याला पोटभर जेवू घालायचं. तो तेवढ्या वेळेपुरता स्वतः नसतो. त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नसावं, आणि घरधनीण त्याच्यानंतरच जेवते. गावातल्या नात्यातल्या किती जणांनी तेव्हा पितर व्हायची तयारी दाखवली. कौसाबाईंनी एकच अट सांगितली. "जो उखासंगे शाळामा बसना नही, तो त्यानी जागावर कसा बसी?"

म्हणून हेमराज बसला. म्हातारी पायाशी वाकली तसा त्याने हुंदका देऊन पाय ओढून घेतले. कौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "पाय मांगे नको लेऊ. तुन्हा नहीत त्या."

तेव्हापासून दर अखाजीला हेमराज. पपईची बाग असो, लग्नसराई असो, तो सकाळपासून उपाशी राहून येतो. त्याच वर्गातला अन्वर घागरीवर ठेवायचं खरबूज आणतो. त्याची हायवेवर खरबुजांची हातगाडी आहे, आणि ह्या एका खरबुजासाठी तो सगळा ढीग उपसतो. पुरण कौसाबाईच शिजवतात, रुपा खापरावर त्याचे मांडे करते, सांजोऱ्या तळते, आणि काही न खाता उठते. बाकीचे बहुतेक वर्गमित्र सुरतेला, पुण्याला पांगले.

आजही अन्वर खरबूज, आमच्या बोलीतलं डांगर, कानाशी धरून ठोकत बसला होता.

"वाजाडी काय ऱ्हायना? ढोलकी शे का?" रुपाने चुलीपासून विचारलं.

"आवाज ऐकना पडस, बाई. उखाले कच्चं चालत नव्हतं. ध्यान शे का, माळीबुवाना मळामाथून त्यानी कच्चं डांगर चोरं आनि मंग तेच परत नेई ठेवं?"

"वेलले लाई ऱ्हायंता तो!" ओट्यावरून हेमराज म्हणाला आणि मोठ्याने हसला. "देठले थुंकी लाईसन! म्हने, पिकी जाई मंग लई जासू."

"आनि गुरुजीस्नी नाव बदलाले सांगं तवय?" अन्वर म्हणाला. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरताना गुरुजी म्हणाले होते, अरे, उखा हे काय नाव, उदय लिहू या. तेव्हा उखा उभा राहून म्हणाला होता, "नही सर. मन्ही मायनी हाई नाव दपाडाले ठेयेल शे. बदलं ते मी सापडी जासू." नाव लपवायला ठेवतात, हे ऐकून सगळा वर्ग तेव्हा हसला होता.

आता मात्र अन्वरने खरबूज कानापासून खाली घेतलं. चुलीत लाकूड तडकलं. कौसाबाई आतून घागर घेऊन आल्या. म्हणजे घागर भिकुबाईने धरली होती आणि कौसाबाईंनी तिच्यावर फक्त हात ठेवला होता. भिकुबाई त्यांची धाकटी जाऊ, तोंडाने फटकळ, पण म्हातारीची सगळी उस्तवार तीच करायची. कौसाबाई आता फार थकल्या होत्या. साखरेच्या आजारावरच्या गोळ्या सुरू होत्या. गोळी घेऊन वेळेवर जेवलं नाही तर त्यांना घाम फुटायचा, हात थरथरायचे. मागच्या पोळ्याला त्या अशाच पडल्या होत्या. पण अखाजीच्या दिवशी त्यांना कोण सांगणार?

घागर मांडली. वर छोटं मडकं, त्यावर अन्वरचं खरबूज, सांजोरी, आंबा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर तूप आणि पुरण सोडून आगारी टाकली. धूर सरळ वर गेला. पाट मांडला गेला, आणि त्याच वेळी हेमराजच्या खिशातला फोन वाजला.

तो ऐकत राहिला, मग ओट्यावरून उतरून मातीत उभा राहिला.

"माय," तो म्हणाला, "आमना सुरतना काका ग्या. सकायलेच. आमले सुतक पडनं."

सुतक असलेला माणूस पितर म्हणून बसू शकत नाही, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत होतं.

"त्याले बी आजच टाईम भेटना," हेमराज स्वतःशीच पुटपुटला, आणि आपणच दचकून गालात मारून घेतली.

अन्वर पुढे झाला. "मी बसस ना, माय. मी काय परका शे का?"

"तू कशाना परका?" कौसाबाई म्हणाल्या. "पन सकायथून काय खादं तू?"

अन्वरचा चेहरा पडला. फजरच्या नमाजापासून तो गाडीवर होता. "भाकर खादी. आनि... एक डांगर फुटी जायेल व्हतं, ते."

"म्हनजे पोट भरेल शे."

"अर्धं डांगर, माय! अर्धंच!"

दुसरी कुठली वेळ असती तर सगळे हसले असते. भिकुबाईने हात झटकले. "ओ जिजी, पारवर इतला लोके पत्ता खेळी ऱ्हायनात. बसाडा ना कोनले बी! तुम्ही गोळी लिधी ना सकायले? तुम्हना हात पाहा!"

रुपाने पाहिलं. कौसाबाईंचे हात खरंच थरथरत होते, आणि कपाळावर घामाचे थेंब आले होते. "माय, साखर तरी तोंडात टाका," ती जवळ जाऊन म्हणाली. म्हातारीने मान हलवली. पाट रिकामा असताना त्या चिमूटभर साखरही घेणार नव्हत्या. सूर्य डोक्याकडे सरकत होता. हेमराज फोनवर फोन लावत होता. गावातला त्यांच्या वर्गातला एक जण शिरपूरला गेलेला, दुसरा अख्खं ताट जेवून झोपलेला.

आणि मग कौसाबाईंनी मान वर केली. त्यांची नजर फिरत फिरत चुलीपाशी आली आणि तिथेच थांबली.

"रुपा," त्या म्हणाल्या, "तू काय खादं सकायथून?"

त्या अंगणात, त्या गावात, उखाबरोबर शाळेत बसलेलं, उपाशी असलेलं आणि सुतक नसलेलं एकच माणूस होतं. रुपाच्या नेमानेच तिला उपाशी ठेवलं होतं, आणि तोच नेम तिला त्या पाटावर बसू देत नव्हता.

"माय, मन्हा नेम शे," ती हाताचं पीठ झटकत म्हणाली. "परान्न चालत नही मले. यासनासाठे धरेल शे."

"बाईमानूस कधी पितर बसस का?" भिकुबाई मधेच म्हणाली. "लोके काय म्हनतीन?"

"मी तिले बसाडत नही," कौसाबाई म्हणाल्या. "तिले उखानी बसाडेल शे. सातवीमा."

रुपाला आजवर वाटत होतं, ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाच आठवत नसेल. ती तिने कुणाला सांगितलीही नव्हती. आणि इकडे म्हातारीने ती इतकी वर्षं, कुंकवाच्या करंड्यात ठेवावी तशी, जपून ठेवली होती.

"मले तुन्हा नेम मोडना नही, बेटा," कौसाबाई हळू बोलत होत्या, धाप लागत होती. "नेम काय ऱ्हास, मले कोनी शिकाडाले नको. पन पाटवर बसशी ते तू रुपा कोठे ऱ्हाशी? उखा ऱ्हाशी. आनि उखाले हाई परान्न कसं व्हई? मायना हातनं शे."

रुपाने डोळे मिटले. केदारेश्वराची ओली पायरी तिच्या डोळ्यांपुढे आली, नवनीतचा निस्तेज चेहरा आला, आणि मग पाठीवर पोतं बांधून काळ्या दगडाला चिकटलेला, तिने कधी न पाहिलेला तो उखा आला. त्याची पाळी नव्हती. तो म्हणाला होता, पोरं उपाशी आहेत. बस, तेवढंच म्हणाला होता. त्याने कुठल्या देवाला विचारलं नव्हतं.

महादेवा, तुला कळतं ना, ती मनात म्हणाली. कळत असेल तर सांभाळ.

तिने हात धुतले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाटावर बसली.

कौसाबाई भिकुबाईच्या आधाराने खाली बसल्या. तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर पडलं. गार होतं, नव्या घागरीतलं, मातीचा वास असलेलं. सुरकुतलेली बोटं तिच्या टाचांवरून, भेगांवरून, जोडव्यांवरून फिरली आणि जोडव्यांवर क्षणभरही अडखळली नाहीत. मग ते पांढरं डोकं खाली आलं आणि तिच्या पावलांवर टेकलं. रुपाचा सगळा जीव पाय मागे ओढायला धावला. पण तिला हेमराजला सांगितलेलं आठवलं. हे पाय तुझे नाहीत. ती हलली नाही. हेमराज मातीत उभा होता, हात जोडून. अन्वरने टोपी काढून पुन्हा नीट घातली आणि मान खाली घातली.

ताट आलं. पुरणाचा मांडा, आमरस, कुरडई, आमटी. रुपाने पहिला घास उचलला तेव्हा तिचा हात तिचा वाटत नव्हता. कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच्या चुलीवरचं, दुसऱ्याच्या हातचं अन्न. पण जिभेवर ठेवताच तिला कळलं, ही चव आपल्याला ठाऊक आहे. पुरणाच्या गुळात थोडं जास्त जायफळ घालायची म्हातारीची सवय. लहानपणी ह्याच ओट्यावर भाकरीसोबत ठेचा खाल्ला होता, त्या हाताची चव.

कौसाबाई हाताकडे बघत होत्या. तोंडाकडे नाही. रुपा घाईघाईने दुसरा घास घेणार, कारण म्हातारीचे हात थरथरत होते, लवकर आटपायला हवं होतं, एवढ्यात त्या म्हणाल्या,

"हळू खाय. घंटा व्हवाले टाईम शे."

हेमराज तोंड फिरवून कडुनिंबाकडे गेला. रुपाने हातातला घास सावकाश खाल्ला. मग आणखी एक. मग सगळं ताट, शेवटच्या कुरडईच्या तुकड्यापर्यंत, कारण पितराने ताटात काही ठेवायचं नसतं, आणि उखाने तर कधीच ठेवलं नव्हतं.

ती उठल्यावर कौसाबाईंनी आपलं पालथं ताट सुलटं केलं. भिकुबाईने आधी साखर त्यांच्या तोंडात कोंबली, वर "आते तरी!" म्हणून एक शिवीही घातली, आणि मग पदराने स्वतःचेच डोळे पुसत मांडा वाढला. म्हातारी जेवली. सावकाश, निवांत, दुपार कलेपर्यंत. हात थांबले, घाम वाळला.

निघताना रुपा पाया पडली. आता ती पुन्हा रुपा होती. कौसाबाईंनी तिची मनगटं धरून ठेवली.

"मन्हामांगे त्यानी घागर कोन भरी?" त्या म्हणाल्या. रडवेपणा नव्हता त्यात. बाजाराला निघालेल्या बाईने शेजारणीला दाराकडे लक्ष ठेवायला सांगावं, तसा आवाज होता.

"मी भरसू," रुपा म्हणाली.

"आनि उपाशी कोन ऱ्हाई?"

"कोनलेच उपाशी ऱ्हाऊ देत नही, माय. तुमलेबी नही."

घरी परतल्यावर तिने नवनीतला सगळं सांगितलं, न लपवता. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. त्याने आमरसाची वाटी चाटून खाली ठेवली, ढेकर दिला आणि म्हणाला, "मला तर काही झालेलं दिसत नाही. उलट जास्तच जेवलो." मग तिचा चेहरा बघून गंभीर झाला. "कारगिलवरचा जवान आपल्या आईच्या घरी जेवला म्हण. माझं आयुष्य वाढलंच असेल."

कौसाबाई त्या थंडीत गेल्या. झोपेतच. रात्री जेवून निजल्या होत्या, एवढं भिकुबाईने फोनवर आवर्जून, दोनदा सांगितलं.

पुढच्या अखाजीला रुपा नंदुरबारच्या घरी नेहमीपेक्षा लवकर उठली. आंघोळ झाली, तुळशीला पाणी झालं, अध्याय झाला. कुंभाराकडून आणलेल्या दोन नव्या घागरी कोपऱ्यात उपड्या ठेवल्या होत्या. एक उखाची, एक त्याच्या आईची. हेमराज उपाशी राहणार होता. अन्वरनेही ह्या वेळी कबूल केलं होतं, गाडीवरची सगळी खरबुजं फुटली तरी शिवणार नाही म्हणून. म्हातारीच्या पाटावर कोण बसायचं ते भिकुबाईने आधीच ठरवून टाकलं होतं, बाकी कुणाला न विचारता: ती स्वतःच बसणार होती.

ओट्यावर काजलने रात्रीच पिठाचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, दर वर्षीसारखं. रुपाने ते उचललं, हातात थोडा वेळ धरलं. मग गाठ सोडली, पीठ पुन्हा डब्यात ओतलं आणि कापडाची घडी करून फडताळात ठेवली. कौसाबाईंच्या त्या एका घरचं अन्न तिला आता परान्न नव्हतं; तिथे पीठ न्यायची गरज नव्हती.

घरातलं कुणी उठलं नव्हतं. तिने एक घागर दुसरीत अलगद बसवली, मधे फडकं घातलं म्हणजे एकमेकींवर आपटायला नकोत, आणि दोन्ही कडेवर घेतल्या. दाराची कडी आवाज न करता काढली. बाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारींचा उग्र वास अजून गार होता. कोपऱ्यावर पहिली रिक्षा उभी होती. रुपा तिच्याकडे चालू लागली.